‘ठरलं’ म्हणजे कोणी ठरवलं? लहान स्टार्टअप टीमने निर्णय कसे घ्यावेत आणि कसे कळवावेत

मराठीत ‘ठरलं’ हे एका शब्दाचे वाक्य पुरे असते. कोणी ठरवले, कधी ठरवले आणि ते कोणाला लागू आहे, यांपैकी काहीही न सांगता ते ऐकणाऱ्याचे समाधान करते. ‘करून टाकू’, ‘होऊन जाईल’, ‘बघून घेऊ’ ही वाक्येही त्याच घरातली. लग्नकार्यात किंवा शेतीच्या कामात अशी भाषा चालून जाते, कारण कोणते काम कोणाच्या अंगावर पडणार हे तिथे वर्षानुवर्षांच्या सवयीने पक्के झालेले असते. चार-सहा महिन्यांपूर्वी एकत्र आलेल्या पाच-सहा जणांच्या टीममध्ये ती सवय अजून तयार व्हायची असते, आणि नेमक्या त्याच काळात सर्वांत महत्त्वाचे निर्णय घ्यावे लागतात.

आमची सहा जणांची टीम नागपुरात संत्र्याच्या व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करत होती. आंबिया बहाराचा, म्हणजे संत्र्याच्या पहिल्या हंगामाचा माल नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात येऊ लागला होता. एके सकाळी आयटी पार्कजवळच्या ठेल्यावर तर्री पोहे खाताना क्रेटच्या वजनाचा विषय निघाला आणि एक क्रेट सरसकट २० किलोचा धरायचा, असे ‘ठरलं’. बिलिंगचे काम पाहणारी सहकारी त्या दिवशी काटोलकडे एका बागेवर गेली होती. तिने आधीच्या बोलण्याप्रमाणे धर्मकाट्याच्या, म्हणजे गाडीचे वजन करणाऱ्या काट्याच्या पावतीवरचे निव्वळ वजन धरून बिलाचा हिशेब लिहिला. पोह्याच्या ठेल्यावर हजर असलेल्या सहकाऱ्याने बिल्टीत, म्हणजे गाडीसोबत जाणाऱ्या मालाच्या पावतीत, २० किलोचे गणित घातले. दोघांचेही काम आपापल्या जागी चोख होते. पुढच्या आठवड्यात एका अडत्याच्या हातात एकाच गाडीचे दोन कागद पडले. बिल्टीवर ३०० क्रेट, म्हणजे ६,००० किलो होते आणि बिलावर काट्याचे ५,६४० किलो. टनाला ३०,००० रुपये भाव धरला, तर ३६० किलोंचा फरक १०,८०० रुपयांचा होतो. त्यांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि आवाज न चढवता विचारले, ‘यातलं खरं कोणतं, हे तुमच्यापैकी कोण सांगेल?’ आम्ही तिघे समोर उभे होतो आणि तिघांपैकी कोणालाही ते सांगण्याचा अधिकार आपला आहे असे वाटले नाही.

चुकीच्या वजनापेक्षा ही तिघांची शांतता जास्त गंभीर होती. पुढे दिलेली पद्धत आम्ही त्यानंतर हळूहळू बसवली. तीन ते बारा-पंधरा माणसांच्या टीमला ती पुरेशी पडते, असा माझा अनुभव आहे.

वाक्यात कर्ता ठेवावा

पहिला नियम व्याकरणाचा आहे. निर्णय सांगणाऱ्या प्रत्येक वाक्यात एका माणसाचे नाव कर्ता म्हणून आले पाहिजे. ‘दर वाढवायचे ठरले’ असे न लिहिता ‘दर वाढवण्याचा निर्णय अमुक व्यक्तीने घेतला आणि तो अमुक तारखेपासून लागू आहे’ असे लिहावे. हे ऐकायला किरकोळ वाटते, पण वाक्याला कर्ता द्यायला बसले की बऱ्याचदा लक्षात येते की निर्णय कोणी घेतलेलाच नाही. केवळ चर्चा झाली, सर्वांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

‘आपण’ या सर्वनामाबद्दल विशेष सावध राहावे. ‘आपण त्या व्यापाऱ्याला फोन करू’ म्हणताना बोलणारा सौजन्याने सर्वांना सामील करून घेतो, आणि परिणामी फोन कोणीच करत नाही. बैठकीत असे वाक्य आले की जो कोणी ऐकत असेल त्याने ‘म्हणजे कोण?’ असे विचारावे. हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही, उलट ते प्रत्येकाचे काम आहे, हे टीमप्रमुखाने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून ठेवावे आणि स्वतःलाही तो प्रश्न विचारू द्यावा.

निर्णय घेणारी व्यक्ती एका विषयाला एकच असावी. दोन संस्थापक असले की ‘आम्ही दोघे मिळून बघतो’ असे म्हणण्याचा मोह होतो. मैत्री आहे तोवर ते चालते, पण दोघांचे मत वेगळे पडले की टीममधल्या इतरांना कोणाकडे जायचे ते कळत नाही आणि ते आपल्याला सोयीचे उत्तर देणाऱ्याकडे जातात. त्यापेक्षा पैसा, उत्पादन, ग्राहक आणि माणसे अशी विषयांची वाटणी करून एका कागदावर प्रत्येकापुढे एक नाव लिहावे. ते नाव वयाने किंवा हुद्द्याने मोठ्याचे असलेच पाहिजे असे नाही. ज्याच्या रोजच्या कामाला त्या निर्णयाचा चटका बसतो आणि ज्याच्याकडे त्याची सर्वांत ताजी माहिती असते, त्याचे ते असावे. ज्या विषयात शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवायचा असेल, तो संस्थापकाने चर्चेपूर्वीच सांगावा. निर्णय सहकाऱ्यावर सोपवायचा आणि तो मनासारखा आला नाही की काढून घ्यायचा, हे एकदा जरी घडले, तरी पुढच्या वेळी सहकारी निर्णय घेत नाही. तो तुमच्या मनात काय आहे याचा अंदाज घेत बसतो.

यानंतरची पायरी नोंदीची. आमच्या टीमने एका सामायिक फाइलमध्ये सर्व निर्णय उतरत्या तारखेने लिहायला सुरुवात केली. क्रेटच्या प्रकरणानंतरची नोंद अशी होती:

दिनांक: १४ ऑक्टोबर.
निर्णय: बिल आणि बिल्टी या दोन्हींत वजन काट्याच्या पावतीवरूनच धरले जाईल. क्रेटची संख्या फक्त माहितीसाठी दिसेल.
निर्णय घेणारी व्यक्ती: बिलिंग पाहणारी सहकारी.
कोणाला विचारले: बिल्टीचे काम पाहणारा सहकारी, कळमन्यातील दोन अडते.
कारण: क्रेट भरण्याची पद्धत बागेगणिक बदलते, वाटेत माल सुकून वजन घटते, आणि माल घेणारा व देणारा दोघेही काट्याची पावती मानतात.
काय सोडावे लागेल: गाडी काट्यावर जाईपर्यंत पक्के बिल निघणार नाही.
पुन्हा कधी पाहायचे: १५ डिसेंबर, किंवा जवळ काटा नसलेल्या गावचा व्यापारी जोडला गेल्यास त्याआधी.

या नोंदीतली ‘काय सोडावे लागेल’ ही ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. ती लिहिता येत नसेल, तर निर्णयाची दुसरी बाजू कोणी पाहिलेलीच नाही असे समजावे. कारणाची ओळही टाळू नये, कारण तीन महिन्यांनी परिस्थिती बदलते तेव्हा निर्णय अजून योग्य आहे का, हे कारण पाहूनच ठरवता येते. अशी नोंद लिहायला दहा मिनिटे लागतात. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीची नोंद करू नये. एकापेक्षा अधिक माणसांचे काम ज्याने बदलते, तेवढेच लिहावे.

परतीची वाट आहे का, हे आधी पाहावे

सर्व निर्णयांना सारखा वेळ देणे हा लहान टीमचा मोठा अपव्यय असतो. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ या वर्षाच्या पत्रात निर्णयांचे दोन प्रकार सांगितले होते: एका दारातून गेल्यावर मागे फिरता येत नाही, दुसऱ्या दारातून गेल्यावर परत येता येते. कंपनी मोठी झाली की दुसऱ्या प्रकारच्या निर्णयांनाही पहिल्या प्रकारची जड पद्धत लावली जाते आणि कामाचा वेग जातो, हे त्यांचे निरीक्षण होते. लहान टीममध्ये मला नेमके उलटे आढळले आहे. पडद्यावरच्या बटणाचा रंग, नाव, लोगो यांवर आम्ही संध्याकाळच्या संध्याकाळ घालवल्या आणि भागीदारीची टक्केवारी मात्र एका चहात ठरवली.

म्हणून कोणत्याही विषयाला हात घालण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. हा निर्णय चुकला, तर तो बदलायला किती दिवस आणि किती पैसे लागतील? आणि बदलताना ज्यांना त्रास होईल ते आपल्या टीममधले आहेत की बाहेरचे? फॉर्ममधला एखादा रकाना उद्या काढून टाकता येतो, तेव्हा तो ज्याचा विषय आहे त्याने त्याच दिवशी ठरवावा आणि इतरांना कळवावे. कार्यालयाची जागा ११ महिन्यांच्या करारावर घेणे मधल्या प्रकारात मोडते. नुकसान मर्यादित असते, पण करारातली आधी जागा सोडण्याची अट वाचल्याशिवाय सही करू नये. संस्थापकांमधला हिस्सा, गुंतवणूकदाराच्या अटी, ग्राहकांची माहिती कोणाला द्यायची, व्यापाऱ्याला लेखी दिलेला दर, एखाद्याला कामावरून कमी करणे, हे परत न फिरणारे निर्णय आहेत. यांवर किमान एक रात्र जाऊ द्यावी, सर्व संबंधितांचे म्हणणे लेखी घ्यावे आणि पैशाचा किंवा कायद्याचा प्रश्न असेल तिथे सीए किंवा वकिलाला आधी विचारावे. सही झाल्यावर विचारून फारसा उपयोग होत नाही.

कायद्यानेही याची एक किमान पातळी आखून दिली आहे, आणि अनेक तरुण संस्थापकांना ती ठाऊक नसते. एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) स्थापन केली आणि आपसातला करार एखाद्या मुद्द्यावर गप्प असला, तर २००८ च्या कायद्याची पहिली अनुसूची लागू होते. त्यानुसार प्रत्येक भागीदाराला एक मत असते, निर्णय बहुमताने होतो, पण व्यवसायाचे स्वरूप बदलायला सर्वांची संमती लागते, आणि घेतलेला निर्णय ३० दिवसांच्या आत इतिवृत्तात नोंदवावा लागतो. भांडवल आणि नफ्यातही सर्वांचा वाटा समान धरला जातो. एकाने नोकरी सोडून पूर्णवेळ काम करायचे आणि दुसऱ्याने शनिवार-रविवारी यायचे, असा बेत असेल, तर हा समान वाटा तुम्हाला खरोखर हवा आहे का, हे करार लिहितानाच ठरवावे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतही संचालक मंडळाच्या सभेचे इतिवृत्त ३० दिवसांच्या आत नोंदवावे लागते. रोजच्या निर्णयांची नोंदवही व्यवस्थित असेल, तर हे इतिवृत्त लिहिणे सोपे जाते. त्याची जागा मात्र नोंदवही घेऊ शकत नाही.

माहितीची वाट किती पाहायची, हा प्रश्न उरतोच. परतीची वाट असलेल्या निर्णयाला तारीख लावावी आणि त्या तारखेला हाती असेल तेवढ्या माहितीवर तो घ्यावा. संत्र्याच्या धंद्यात तर हंगामच तारीख लावून देतो. आंबियाचा माल सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत आणि मृग बहाराचा, म्हणजे दुसऱ्या हंगामाचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतो. त्या मधल्या अवधीत बदल केले नाहीत, तर व्यापारी गाड्या उतरवत असताना ते करावे लागतात, आणि तेव्हा त्यांना नवे काही शिकायला सवड नसते.

मत आधी लिहावे, मग बोलावे

आपल्याकडे टीममध्ये दादा, ताई, सर अशीच हाक मारली जाते. मोकळे बोलणे व्हावे म्हणून ही संबोधने सोडून एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारा, असा आग्रह काही जण धरतात. मला तो पटत नाही. आदर हा अडथळा नसतो. अडथळा असतो तो बोलण्याच्या क्रमाचा. सर आधी बोलले की नंतर बोलणाऱ्याला आपले वेगळे मत हे मत म्हणून मांडता येत नाही, ते सरांना केलेला विरोध होऊन बसते. म्हणून क्रम बदलावा. निर्णय घेणाऱ्याने आदल्या दिवशी प्रश्न एका परिच्छेदात लिहून पाठवावा, प्रत्येकाने बैठकीआधी दोन-तीन ओळींत आपले मत लिहावे, बैठकीत सर्वांत नवीन सहकाऱ्याने प्रथम बोलावे आणि संस्थापकाने शेवटी. आमच्याकडे नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या एका मुलाने, बैठकीत कधीही न उच्चारलेली गोष्ट अशा लेखी मतात लिहिली होती: ‘माझ्या काकांचा माल कळमन्याला जातो. ते क्रेट मोजतात, पण पैसे काट्यावर घेतात.’ ती ओळ आम्ही ठेल्यावरच्या त्या सकाळपूर्वी वाचली असती, तर अडत्यापुढे दोन कागद गेले नसते.

भागीदारीच्या १९३२ च्या कायद्यात याबद्दल एक सुरेख तरतूद आहे. रोजच्या बाबींतला मतभेद बहुमताने सोडवता येतो, पण निर्णय होण्यापूर्वी प्रत्येक भागीदाराला आपले मत मांडण्याचा अधिकार आहे, असे त्याचे १२ वे कलम सांगते. तुमची संस्था कोणत्याही स्वरूपाची असो, हा ‘निर्णय होण्यापूर्वी’ फार महत्त्वाचा आहे. निर्णय झाल्यावर ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारणे सहकाऱ्याला दुखावते, कारण त्याच्या उत्तराने काहीही बदलणार नसते, हे त्यालाही कळते. निर्णय झालाच असेल, तर तो सरळ सांगावा आणि अंमलबजावणीबद्दल विचारावे.

परत न फिरणाऱ्या निर्णयासाठी आणखी एक उपाय करावा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांच्या २००७ मधील लेखातून तो बऱ्याच जणांपर्यंत पोहोचला. निर्णय अमलात येऊन एक वर्ष झाले आहे आणि तो पूर्णपणे फसला आहे, असे गृहीत धरून प्रत्येकाने तो का फसला असेल याची कारणे स्वतंत्रपणे लिहायची. ‘यात काही धोका वाटतो का?’ असे विचारले की लोक संकोचाने ‘नाही’ म्हणतात. ‘फसले आहे, का ते सांगा’ म्हटले की धोका दाखवणे हेच सोपवलेले काम बनते आणि संकोच गळून पडतो. पंधरा मिनिटे पुरतात.

निर्णय झाल्यावर ज्याचे मत वेगळे होते, त्याने ते नोंदीत एका ओळीत लिहावे आणि मग काम पूर्ण जोर लावून करावे. अर्ध्या मनाने केलेल्या कामामुळे निर्णय फसला, तर तो निर्णय चूक होता की काम, हे कधीच कळत नाही. ठेल्यावर, गाडीत किंवा वेगळ्या ग्रुपवर तोच विषय पुन्हा उगाळू नये. नवी माहिती हाती आली, तर मात्र निर्णय घेणाऱ्याकडे जाऊन ती सांगण्याची मुभा प्रत्येकाला नेहमीच असावी.

कोणती गोष्ट कुठे बोलावी

तीन माणसांत बोलणाऱ्यांच्या ३ जोड्या होतात, सहा माणसांत १५ आणि बारा माणसांत ६६. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे घातली की तो उशीर वाढतो, असे फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली लिहिले, त्यामागचे एक कारण हेच होते. ‘एका खोलीत तर बसतो, लिहायचे कशाला?’ हा युक्तिवाद तीन जणांपर्यंत टिकतो. सहाव्या माणसाला तो लागू पडत नाही, आणि वरुडला व्यापाऱ्यांकडे गेलेल्या माणसाला तर मुळीच नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप तातडीच्या निरोपासाठी ठेवावा. तिथे निर्णय घेऊ नये, कारण वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि काट्याच्या पावतीचे फोटो यांमध्ये तो तासाभरात वर वाहून जातो, आणि निळ्या खुणा म्हणजे संमती असा समज होतो. निळी खूण फक्त निरोप उघडल्याचे सांगते. चर्चा तिथे सुरू झालीच, तर निर्णय नोंदवहीत लिहून तिचा दुवा ग्रुपवर टाकावा. व्हॉइस नोट पाठवणाऱ्याला सोयीची असते, पण नंतर त्यातले नेमके वाक्य शोधायला सहा जणांना ती पुन्हा ऐकावी लागते. आकडा, तारीख किंवा नाव असेल तर ते लिहूनच पाठवावे.

‘बघतो’ या शब्दाला टीमपुरता एक अर्थ ठरवून द्यावा. त्याचा अर्थ ‘मी करतो’ असा होतो, ‘जमले तर करीन’ असा होतो आणि ‘नाही म्हणता येत नाही म्हणून बोललो’ असाही होतो. आम्ही उत्तरे तीनच ठेवली: ‘अमुक वारी देतो’, ‘माझ्याकडून होणार नाही’ आणि ‘देऊ शकेन की नाही ते उद्या दुपारपर्यंत सांगतो’. सुरुवातीला दुसरे उत्तर देणे सर्वांना जड गेले. ते उत्तर पहिल्यांदा ज्याने दिले, त्याला टीमप्रमुखाने कसे वागवले, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

नागपुरात हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होते आणि बाजारात दोन्ही भाषा सारख्याच आपल्या आहेत. बोलताना कोणतीही चालावी, पण नोंद एकाच भाषेत असावी आणि तारीख आकड्यांत असावी. हिंदीत ‘कल’ म्हणजे काल आणि उद्या दोन्ही, मराठीत ‘परवा’ मागचाही आणि पुढचाही. ‘परवा पैसे देतो म्हणाले’ या वाक्याने आमच्या वसुलीची यादी एकदा चार दिवस चुकीची राहिली होती.

वाईट बातमीला मात्र वेगळा नियम हवा. ती ज्याला प्रथम कळेल, त्याने निर्णय घेणाऱ्याला त्याच दिवशी फोन करावा. नोंद नंतर लिहावी. दोष कोणाचा, हा प्रश्न त्या फोनवर विचारू नये. ग्राहकाला सांगायला एकानेच जावे आणि तिथेच उत्तर देण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा. अडत्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी बिलिंग पाहणारी सहकारी एकटी गेली. तिने ‘काट्याचं वजन खरं आहे, दादा. बिल्टी आमच्याकडून चुकली, हा दुरुस्त कागद,’ एवढे सांगितले आणि ते प्रकरण तिथे मिटले.

साप्ताहिक बैठक अर्ध्या तासाची पुरते. कोण काय करत आहे हे तिथे ऐकवत बसू नये, ते आधीच लिहिलेले असावे. त्या आठवड्यातल्या नव्या नोंदी आणि ‘पुन्हा कधी पाहायचे’ ही तारीख उलटलेल्या जुन्या नोंदी, एवढेच वाचावे.

क्रेटच्या वजनाची नोंद अशीच एका बैठकीत पुन्हा समोर आली. नरखेडकडच्या एका व्यापाऱ्याच्या बागेपासून काटा लांब होता आणि गाडी सुटण्यापूर्वी त्याला किमान अंदाजी आकडा हवा होता. सहकाऱ्यांची मते लेखी घेऊन बिलिंग पाहणाऱ्या सहकारीने नवी नोंद केली: बिल्टीवर क्रेटच्या संख्येवरून ‘अंदाजे वजन’ असे स्पष्ट लिहून आकडा येईल, बिल मात्र काट्याच्याच पावतीवर निघेल. जुनी नोंद तिने पुसली नाही. तिच्याखाली ‘१५ डिसेंबरला बदलली, कारण खाली पाहा’ असे लिहिले आणि फेब्रुवारीत मृगाचा माल सुरू झाला, तेव्हा नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला पहिल्या दिवशी या दोन्ही नोंदी वाचायला दिल्या.